पाणी उतरेपर्यंत

पुराची चाहूल आधी कानाला लागते. नाला एरवी खळखळत असतो. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की ती खळखळ बंद होते आणि खालच्या सुरात एकसारखी घरघर सुरू होते. मग पाण्यावर काड्या, कुजकी पानं आणि तपकिरी फेस दिसायला लागतो, आणि त्यानंतर पाणी चढतं. हे सगळं मला आता कळतं. ज्या दिवशी कळायला हवं होतं, त्या दिवशी मला फक्त बुटांतलं कळत होतं.

बूट महागाचे होते. ओल्या खडकावर घसरत नाहीत, अशी दुकानदारानं ग्वाही दिली होती आणि मी ती पाठ करून चारचौघांना ऐकवत होतो. मी वाढलो पुलगावात. चाळिशीपर्यंत चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे स्टेशनवरचा पूल. पुढे नोकरीनिमित्त नागपूरला आलो आणि ऑफिसातल्या पाच-सहा जणांबरोबर रविवारी पाठीवर पिशवी टाकून जंगलं तुडवण्याचं वेड लागलं. दोन-तीन वर्षांत मला वाटायला लागलं की डोंगर आणि पाऊस आपल्याला विचारूनच वागतात. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस पाहायचा असेल, तर त्या वेळचे माझे फोटो पाहावेत. हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि वर भर पावसाळी आभाळ.

माझी सासुरवाडी कारंज्याच्या पुढे, महामार्ग सोडून आत. गाव संत्र्याच्या बागांचं आहे, आणि बागा संपल्या की जंगल सुरू होतं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो, आमच्याकडे तशीच रीत आहे. तेव्हा त्यांनी साठी ओलांडून चार-पाच वर्षं झाली होती. उंच, वाळके, बोलायला कमी. त्यांचीही बाग होती, पण गावात त्यांची खरी ओळख वेगळी होती. गाव आणि पलीकडची शेतं यांच्यामधून नाला वाहतो. पावसाळ्यात पलीकडे बैल अडकले, निंदायला गेलेल्या बाया अडकल्या की लोक मामाजींना बोलवायला येत. ते काठावर उकिडवे बसत, पाण्याच्या कडेला एक काडी रोवत, तंबाखू मळत, काडीकडे बघत आणि मग सांगत, "अजून घंटाभर." म्हणजे घंटाभर. त्यावर कोणी वाद घालत नसे. अलीकडची माणसं अलीकडे बसत, पलीकडची पलीकडे, आणि तासाभरानं सगळे आपापल्या घरी जात. एवढी इज्जत मी आमच्या ऑफिसात कोणा साहेबाची पाहिलेली नाही.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. आम्हालाही बोलावणं आलं. जावयाचे पाय धुतात, ताटात तेहेतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून देतात, कारण त्या महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा. नारायणाला पोट सुटलेलं होतं आणि तो ऑफिसात दुय्यम जागेवर होता, पण सासुरवाडीत त्याचं काही अडत नाही. मामाजींनी खाली बसून माझे पाय धुतले तेव्हा मी अवघडलो. थोडंसंच अवघडलो. माणसाला सवय फार लवकर होते.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. गावामागच्या जंगलात, तासा-दीड तासाच्या वाटेवर, एक कुंड आहे आणि पावसाळ्यात त्यात वरून धार पडते, असं बायकोकडून लग्नापासून ऐकत आलो होतो. वाट त्याच नाल्याच्या काठानं जाते. नाला वळणं घेत जात असल्यामुळे तो तीनदा ओलांडावा लागतो. ओलांडायच्या अशा जागेला तिकडे उतार म्हणतात.

"मामाजी, उद्या कुंडाकडे जायचं का? पाऊस आहे तोवरच मजा."

त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "जाऊ ना. काऊन नाई?"

स्वयंपाकघरातून मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नाल्याले पानी असन ना जी."

"असन त असन. जवाई म्हणून राह्यले ना."

हात धुवायला अंगणात गेलो तर बायको तांब्या घेऊन मागे आली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे एखादी गोष्ट एकदाच आणि स्पष्ट सांगायची तिला सवय आहे. म्हणाली, "बाबा तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. जन्मात म्हणणार नाहीत. म्हणून तुम्हीच राहू द्या."

"नको असेल तर सांगतील की. लहान आहेत का ते?"

"तुम्ही जावई आहात," ती म्हणाली आणि माझ्या हातावर उरलेलं पाणी ओतून आत गेली.

जेवण उरकून निघायला बारा वाजले, तेव्हा बारीक झड लागलेली होती. मामाजींनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला होता, पायांत रबरी बूट, डोक्यावरून प्लास्टिकची पन्नी आणि हातात काठी. मी अंगभर रेनकोट, पाठीवर पिशवी, पिशवीत बिस्किटं, दोरी, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी. बागा संपेपर्यंत काळी माती बुटांना अशी चिकटत होती की दर दहा पावलांवर पाय झटकावा लागत होता. मग जंगल लागलं. सागाच्या मोठाल्या पानांवर पाऊस पडतो तेव्हा पत्र्यावर तूर सांडल्यासारखा आवाज होतो, आणि त्या आवाजात शेजारच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं. आम्ही फारसं बोललोच नाही. जंगलात वाघ आहे म्हणतात, पण अशा दिवशी वाघसुद्धा शहाण्यासारखा कुठे तरी आडोशाला बसून असतो.

पहिल्या उतारात पाणी घोट्याच्या थोडं वर होतं. ओलांडून झाल्यावर मामाजी वाकले आणि पाण्याच्या कडेला त्यांनी एक काडी रोवली. मी तिचा फोटो काढला. 'देशी फूटपट्टी' असं लिहून तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. गावापासून तेवढ्या अंतरावर नेटवर्क असतं, त्यापुढे नाही.

थोडं पुढे गेल्यावर मामाजी म्हणाले, "जवाईबापू, पाय दुखून राह्यले असतील तुमचे."

"छे हो मामाजी, मला सवय आहे."

दुसऱ्या उतारात पाणी गुडघ्याला लागलं. तिथेही त्यांनी काडी रोवली आणि उभं राहून डोंगराकडे पाहिलं. "वरतं आभाळ लय काळं दिसून राह्यलं."

"हो, फोटोला मस्त आहे," मी म्हणालो.

तिसऱ्या उताराच्या अलीकडे झुडपावर कटुल्यांचा, म्हणजे करटोल्यांचा, वेल चढलेला होता. ते थांबले. "कटुले हायेत पाहा. तोडाचे का? तुमच्या मामी भाजी झकास करतात. उनउन खाऊ घरी जाऊन."

"परतताना तोडू ना."

जावयाला 'नाही' म्हणायचं नसलं की माणसाला एवढ्यावरच भागवावं लागतं. दुखणारे पाय, काळं आभाळ, कटुल्याची भाजी. तिन्ही वेळा ते मला परत फिरू म्हणत होते, आणि मी तिन्ही वेळा गप्पा मारत होतो. हे मला उशिरा कळलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो.

कुंडात पाहण्यासारखं काही नव्हतं. वरून गढूळ पाणी धो धो पडत होतं आणि तुषारांमुळे दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. मी बारा फोटो काढले, बाराही पांढरे आले. मामाजी मागे मोहाच्या झाडाखाली उभे होते. त्यांनी धारेकडे पाहिलंच नाही, ते वर डोंगराकडे बघत होते. तिकडे पाऊस आमच्यापेक्षा जोरात असावा, कारण तिकडचा डोंगर दिसायचा बंद झाला होता.

"चाला आता," ते म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे एवढंच सरळ वाक्य.

परतताना पहिला उतार मांडीभर पाण्यातून, एकमेकांचा हात धरून पार केला. कटुले राहिले. पुढच्या उताराशी आलो तेव्हा मी काडी शोधली, कारण तिचा फोटो काढायचा राहिला होता. काडी दिसत नव्हती. ज्या जागी ती रोवली होती तिथे पाणी होतं आणि त्यावरून फेस वाहत होता.

मामाजी काठावर उकिडवे बसले. नवी काडी रोवली. पन्नीच्या आतून डबी काढली. "बसा जवाईबापू. तंबाखू खातो जरासा."

मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन झाले होते. संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचायचं होतं. सोमवारी साहेबांची बैठक होती आणि तिचे कागद मला रात्री काढायचे होते. त्या बैठकीत काय ठरलं ते आज मला आठवत नाही. कदाचित काहीच ठरलं नसेल, बहुतेक बैठकांत ठरत नाही. मी दगडावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मामाजी तंबाखू मळत होते, आणि इतका वेळ कोणी तंबाखू मळत नाही हेही मला जाणवलं नाही.

"मामाजी, झालं असेल तर निघायचं का? पाणी काही फार वाटत नाही."

त्यांनी काडीकडे पाहिलं. पाणी तिच्यावर दोन बोटं चढलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमाले घाई हाये का?"

"आहे थोडी."

मळलेला तंबाखू त्यांनी तोंडात टाकला नाही. तळहात झटकून तो पाण्यात टाकला, डबी खिशात ठेवली आणि उठले.

"मी पह्यले जातो. मी हाक देल्याबिगर पाय टाकू नोका."

ते काठी पुढे टेकत, पाण्याला तिरके होऊन उतरले. कमरेपर्यंत पाणी आलं. नाल्याच्या मधोमध पोचले तेव्हा त्यांची काठी अडकली, की पायाखालचा दगड फिरला, मला सांगता येत नाही. ते एकदम लहान झाले. पन्नी पाण्यावर फुगून आली आणि त्यांचं डोकं तिच्या पुढे वाहत गेलं. माझ्या पिशवीत दोरी होती. मी पिशवीची चेन उघडत होतो आणि ती उघडत नव्हती.

मी काठानं पळालो. दोनदा पडलो, घसरत नाहीत असे बूट घालूनही. नाला जिथे वळतो तिथे काठावर जांभळाचं झाड आहे, त्याची मुळं पाण्यात उतरलेली आहेत. मामाजी तिथे अडकले होते. दोन्ही हातांनी त्यांनी मूळ धरलं होतं आणि एक पाय खाली दगडांत गेला होता. मी काखेत हात घालून त्यांना ओढलं. त्यांच्या तोंडून एकदाच "आई वो" निघालं. वर काढलं तेव्हा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळलेला दिसला आणि मला उलटी झाली.

प्रथमोपचाराच्या शिबिराचं प्रमाणपत्र माझ्या घरी भिंतीवर लावलेलं आहे. पायाला दोन काठ्या कशा बांधायच्या ते मामाजींनी सांगितलं. आधी त्यांच्या कमरेला बांधलेला दुपट्टा सोडायचा, त्याच्या पट्ट्या करायच्या, गाठ कुठे मारायची, सगळं दातांवर दात दाबून सांगितलं. मी शिट्टी वाजवली. सागाच्या पानांत ती माझी मलाच नीट ऐकू येत नव्हती. त्यांना सोडून गावाकडे जायचं म्हटलं तर मध्ये तोच नाला. मग मी रेनकोट काढून त्यांच्यावर टाकला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. माणूस असा थरथरत असताना आपल्याला घड्याळ पाहावंसं वाटतं, याची मला किळस आली, तरी मी पाहत होतो.

पाच वाजायला आले असतील. पाऊस केव्हाच कमी झाला होता. नाल्याची घरघर थांबून खळखळ सुरू झाली. ती ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि मान न वळवता म्हणाले, "उतरलं."

मी पाहिलं. समोरच्या काठावरचे दगड एकेक करून उघडे पडत होते. दोन तास. तंबाखू मळत दोन तास बसलो असतो तर आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेलो असतो. हे त्यांनी मला म्हटलं नाही. ते वेगळंच बोलले.

"घरी इचारतील. मामाजीनंच म्हणलं चाला, असं सांगजा. तुमी थांबा म्हणून राह्यले होते."

"नाही मामाजी, असं कसं सांगू मी?"

"आइका माह्यं. जवायाच्या पाई झालं, असं लोकं म्हणतील. पोरीले जन्मभर आइका लागन."

"बरं," मी म्हणालो.

आणखी एकदा नको म्हणायला हवं होतं. आमच्याकडे चहासुद्धा माणूस दोनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाही. मी मात्र ती गोष्ट पहिल्याच आग्रहाला उचलली, आणि उचलल्यावर मला हलकं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं खरं.

मामींनी गावातल्या माणसांना आमच्या शोधात धाडलं होतं. अंधार पडायच्या आत ती माणसं पोचली. खाटेवर घालून चौघांनी मामाजींना नेलं. नाल्यात तोवर पोटरीभर पाणी होतं.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मांडीत सळई घातली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मीच म्हणलं चाला. जवाई बिचारे थांबू म्हणत होते." मामी आधी रडल्या आणि मग भडकल्या. "साठी अन् बुद्धी नाठी! जलमभर लोकाईले पानी सांगतलं, अन् सवताले नाई कळलं?" बायको तिच्या वडिलांवर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हणाली, "बाबा, यांना काही झालं असतं तर? डोकं जाग्यावर आहे का तुमचं?" मामाजी छताकडे बघत होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि माझ्या हातात त्यांच्या औषधांची पिशवी होती.

नंतर जिन्यात तिनं मला अडवलं. "तुम्ही खरंच थांबू म्हणालात?"

"हो."

"तुम्ही?"

"हो, म्हटलं ना."

मला ओळखून होती ती. पण तिकडे बापाचा शब्द होता, आणि बाप खोटं बोलत नाही हे तिला माझ्याही आधीपासून माहीत होतं. तिनं मान हलवली.

पाय बरा झाला असं म्हणायचं, कारण ते चालतात. दोन बोटं आखूड झाला. बाग आता दुसऱ्याला कसायला दिली आहे. पायाचं एवढं काही नाही, असं मामाजी म्हणतात, आणि मला वाटतं ते खरं असावं. त्यांचं गेलं ते दुसरंच. पुढच्या पावसाळ्यात त्यांना नाल्यावर बोलवायला कोणी आलं नाही. काठीच्या आधारानं ते जाऊ शकले असते, नाला घरापासून फर्लांगभरही नाही. पण ज्यानं स्वतःच्या जावयाला पुरात घातलं, त्याला पाण्यातलं काय विचारायचं? लोक तोंडावर बोलले नाहीत, फक्त यायचे थांबले. मामाजी ओसरीवर बसून नाल्याचा आवाज ऐकत आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणत, "आता उतरते." मामी आतून म्हणत, "झालं तुमचं पानी सांगून."

इकडे माझं नाव झालं. जावयानं दोन तास सासऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, अंगातला रेनकोट काढून घातला, ही गोष्ट पंचक्रोशीत पोचली. आष्टीकडच्या एका लग्नात एका अनोळखी म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मीही जोडले. काय करणार होतो?

मागच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आठेक दिवस आधी, आम्ही गेलो होतो. दुपारची वेळ. दोन दिवसांची झड नुकतीच थांबली होती. मी आणि मामाजी ओसरीवर बसलो होतो. गावातले दोघे जण, एक तिशीचा आणि एक त्याचा चुलता, दोरखंड घेऊन लगबगीनं नाल्याकडे निघालेले दिसले. त्यांचे बैल पलीकडे शेतात अडकले होते.

मामाजींनी ओसरीवरून हाक मारली. "थांबा रे बापा. चढून राह्यलं थे अजून. घंटाभर थांबा."

तरुण हसला. वाईट हसला नाही, घरच्या म्हाताऱ्याला हसतात तसा हसला. "राहू द्या काका. तुमचं पानी पाह्यलं आमी."

मामाजींनी मान खाली घातली आणि तंबाखूची डबी उघडली. ती रिकामी होती, हे त्यांना आधीच माहीत असणार. मी तापट माणूस आहे, पण तापायला मला नेहमी दुसऱ्याची चूक लागते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी माझ्यावर तापलो.

"थांबा," मी म्हणालो, जवळजवळ ओरडलोच. "मामाजी चुकले नव्हते. त्या दिवशी ते काठावर थांबायलाच बसले होते. घाई मी केली. मी उठवलं त्यांना. पाणी दोन तासांत उतरलं. त्यांचं बरोबर होतं."

दोघे उभे राहिले. नाल्याची घरघर ऐकू येत होती. चुलता पायरीपर्यंत आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

"जवाई असावा त असा," तो पुतण्याला म्हणाला. "पाह्य. म्हाताऱ्याचं कसं झाकून घेऊन राह्यले."

"अहो, मी झाकत नाहीये. खरं सांगतोय."

"हाव, हाव. समजलं आमाले." त्यानं खांदा थोपटला आणि दोघे निघून गेले. अर्ध्या तासात बैल घेऊन परतलेसुद्धा, छातीपर्यंत भिजलेले. तरुणानं रस्त्यावरूनच हात वर केला. "काका, झालं ना पार! काईच नाई झालं!"

"हाव," मामाजी म्हणाले.

मी मागे वळलो तेव्हा बायको दारात उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. तिच्या हातात चहाचे कप होते आणि चहावर साय धरली होती. तिनं कप खाली ठेवले आणि वडिलांच्या खाटेशी जाऊन बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, हे म्हणतात ते खरं हाये?"

मामाजींनी रिकामी डबी मिटून खिशात ठेवली. तिनं त्यांच्या आखूड पायावर हात ठेवला आणि रडायला लागली. आवाज न करता, खूप वेळ. "मी तुमाले काय काय बोलली," एवढंच मध्ये एकदा म्हणाली. मामी आतून विचारत होत्या की काय झालं, आणि त्यांना कोणी सांगत नव्हतं.

ती तोंड धुवायला उठून गेल्यावर मामाजी माझ्याकडे वळले. त्यांना राग आला असावा. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

"काऊन सांगतलं जवाईबापू? मले सवय झालती बोलणं खायची. आता पोरगी तुमाले बोलन, अन् माह्यानं थे आइकल्या जात नाई."

पण ती मला बोलली नाही. निघताना मामींच्या पाया पडली, वडिलांच्या पाया पडली, गाडीत बसली. कारंजा गेलं, धाब्यांवरचे दिवे लागले होते, ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. पाऊस पुन्हा सुरू झाला. मी मनात उत्तरं जुळवत होतो. ते सरळ बोललेच नाहीत, हे मी तिला सांगणार होतो. पाय दुखत असतील म्हणाले, आभाळ काळं म्हणाले, तंबाखू खातो म्हणाले. एकदा तरी 'थांबा' म्हणाले असते. माझ्याजवळ होतं ते एवढंच, आणि दोन वर्षं मी ते जपून ठेवलं होतं.

तिनं ते मला बोलूच दिलं नाही. समोरच्या काचेकडे बघत तिनं विचारलं, "बाबा सरळ थांबा म्हणाले असते, तर तुम्ही थांबला असतात?"

गाडी चालवत मी त्या काठावर पुन्हा बसून पाहिलं. पावणेतीन वाजलेले, सोमवारची बैठक, पायांत ते बूट, आणि समोर गावातला एक म्हातारा मला पाण्यातलं शिकवतोय.

"नसतो," मी म्हणालो.